बरणीतले पितर

आधुनिकतावादी माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या हातात आईची लोणच्याची बरणी होती, आणि तो माझा बाप होता.

हे वाक्य मी वर्गात कधी बोलत नाही. पालघरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. 'आधुनिकतावाद म्हणजे काय? आधुनिकतावादी कोणाला म्हणावे?' हा दहा मार्कांचा प्रश्न दर वर्षी मला पोरांच्या गळी उतरवावा लागतो. मी सांगते, आधुनिक असणं वेगळं आणि आधुनिकतावादी असणं वेगळं. हातात मोबाइल आहे, बिल्डिंगला लिफ्ट आहे, म्हणून कोणी आधुनिकतावादी होत नाही. वाडवडिलांकडून आलेला साचा जो उलटासुलटा करून बघतो, पटला नाही तर मोडतो, आणि मोडल्याची किंमत स्वतः देतो, तो आधुनिकतावादी. पोरं मान खाली घालून उतरवून घेतात. 'किंमत स्वतः देतो' म्हणताना माझी जीभ दर वर्षी अडखळते. आमच्या घरी मोडलं बापानं आणि किंमत दिली आईनं.

बाप घिवलीचा, मासेमारांच्या घरातला थोरला मुलगा. घरची बोट होती, धाकटे दोन भाऊ होते, आणि थोरल्यानं तांडेल होऊन बोट चालवायची हे तो जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. पण त्याला समुद्र लागायचा. किनारा दिसेनासा झाला की हा काठावर ओणवा होऊन ओकायचा. माझे काका हे अजूनही लग्नाकार्यात मिटक्या मारत सांगतात. शेवटी तो बोट सोडून तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागला, ऑपरेटर झाला, आणि सरावलीला चाळीत खोली घेऊन राहिला. नायट्रिक अ‍ॅसिडच्या कामानं त्याच्या बोटांची टोकं कायम पिवळी असायची. जेवताना ती बोटं भातात फिरताना दिसली की मला शिसारी यायची.

कंपनीत त्याला तीन वाचणारे मित्र भेटले. चौघं मिळून चार पानांचं अनियतकालिक काढायचे, झेरॉक्स करून वाटायचे. त्यात बापाच्या कविता असत. यमक नाही, क्रियापद नाही, विरामचिन्ह तर औषधालाही नाही. एका रविवारी त्यानं आईला एक कविता वाचून दाखवली. आई चिंचणीची; ओली मासळी आणून बोईसरच्या बाजारात विकायची, आणि तेव्हा दारात बसून ओले बोंबील साफ करत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "सपली, का मदीच थांबली?"

"कवितेला संपायचं बंधन नसतं."

"मासळीला आसतं," आई म्हणाली. "दुपारपतुर इकली नाय तं सडते."

मला हसू फुटलं. बापानं हातातला स्टीलचा पेला माझ्या डोक्याच्या रोखानं भिरकावला. तो भिंतीला लागून चेपला. पुढं कित्येक वर्षं आम्ही त्या चेपक्या पेल्यातूनच पाणी प्यालो.

बापाला परंपरेचा राग होता. राग आला की बायकोवर हात उचलायची परंपरा मात्र त्यानं इमानानं पाळली. त्यानं आईला कशाकशासाठी मारलं ते मला तोंडपाठ आहे. माझ्या तापात तिनं मिरच्या ओवाळल्या म्हणून. दाराला लिंबू टांगलं म्हणून. माझी पाळी आली तेव्हा मला चार दिवस कोपऱ्यात बसवलं म्हणून. एकदा तर ती शेजारणीशी बोलताना 'आमचे हे' म्हणाली म्हणून, "बायको म्हणजे गुलाम नव्हे, मला नावानं हाक मार!" असं ओरडत त्यानं तिच्या कानफटात भडकावली होती. ती भिंतीला टेकून हळूच म्हणाली, "नाव घेतलं तं मारणार नाय ना?" आणि खरंच भीत भीत तिनं नाव घेतलं. चाळीतले सगळे ऐकत होते. बाप चप्पल घालून बाहेर निघून गेला.

घरात एकाच गोष्टीला त्यानं तोवर हात लावला नव्हता. ते होते टाक. टाक म्हणजे चांदीचे अंगठ्याएवढे पातळ पत्रे, त्यावर ठोकून काढलेली माणसाची आकृती. आमच्या घराण्यात कोणी थोर माणूस गेलं की वर्षभरात सोनाराकडून त्याचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवत. असे पाच पितर होते: आजोबा, पणजोबा, पणजी, आणि आणखी दोघं ज्यांची नावंही कोणाला आठवत नव्हती. पुसून पुसून त्यांची तोंडं सपाट झाली होती. टाक थोरल्याकडे राहायचे, ही रीत. थोरला बोट सोडून केमिकलमध्ये गेला, तरी टाक त्याच्याचकडे सरावलीला आले. दर नारळी पौर्णिमेला दोन्ही काका येत, टाक फडक्यात बांधून घिवलीला नेत, नारळाच्या पाण्यानं धूत, आणि बोटीला दाखवून परत आणून देत. पितरांनी बोट पाहिल्याशिवाय ती पाण्यात लोटायची नाही. बाप तेव्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचा.

मी दहावीत होते तेव्हा कंपनीत त्या तीन मित्रांपैकी एक जण मेला. रिॲक्टरचा व्हॉल्व्ह गळत होता. बदला म्हणून बाप महिनाभर रजिस्टरात लिहीत होता. एका दुपारी तो व्हॉल्व्ह फुटला आणि मित्राच्या अंगावर सगळं आलं. बापानंच त्याला ओढून काढलं. घरी आला तेव्हा त्याच्या शर्टाला मित्राची कातडी चिकटलेली होती. त्यानं शर्ट काढला नाही, तसाच भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. आठव्या दिवशी मालकांनी रिॲक्टरसमोर सत्यनारायण घातला. रिॲक्टरला हार, लिंबू, मिरच्या. कामगारांना केळी आणि प्रसाद. व्हॉल्व्ह मात्र जुनाच ठेवून वरून जोड दिला होता. उरलेले दोन मित्र हात जोडून उभे होते, अनियतकालिकात देवाला शिव्या घालणारे ते दोघंच. बाप त्या पूजेत ओरडला असेल, भांडला असेल, मला माहीत नाही. घरी येऊन तो फक्त एवढंच म्हणाला, "लिंबानं गळती थांबते म्हणे."

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर तो आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक जाड काचेची बाटली होती. आईनं फळीवरून काढून ठेवलेली आंब्याच्या लोणच्याची रुंद तोंडाची बरणी त्यानं उचलली, लोणचं गटारात ओतलं, बरणी नळावर धुतली आणि चाळीच्या पुढच्या ओट्यावर मधोमध ठेवली. मग आत जाऊन देव्हाऱ्यातले पाचही टाक मुठीत घेऊन आला. दुपारचे तीन वाजले असतील. शेजारीपाजारी दारात आले. सगळे कामगारच, बिहारचे, यूपीचे, दोन घरं जव्हारकडची.

"बघा," बाप म्हणाला. "पितर तारतात ना? बघू, नायट्रिकमधून कसे तरतात."

त्यानं टाक बरणीत टाकले आणि बाटली ओतली.

मी त्याच्या बाजूनं होते, हे लिहायला मला लाज वाटते, पण होते. मी दहावीत विज्ञानात पहिली यायचे. माझ्या मनात एकच होतं, आता हे लिंबू-मिरच्यांचं थोतांड संपणार. टाकांभोवती बुडबुडे आले. बरणीच्या तोंडातून तांबूस धूर निघाला, तसे सगळे मागं सरकले. पाणी निळसर होऊ लागलं. पणजीचं आधीच सपाट झालेलं तोंड कडेनं कुरतडलं जाताना मी वाकून पाहिलं.

आई बाजारातून येत होती. डोक्यावर पाटी होती. तिनं गर्दी पाहिली, देव्हाऱ्याचं उघडं दार पाहिलं, बरणी पाहिली. पाटी टाकून ती धावली. तिला ते पाणीच वाटलं. पाण्यातून मासळी काढावी तसा तिनं उजवा हात मनगटापर्यंत बरणीत घातला आणि मूठ आवळून बाहेर काढला.

ती किंचाळली नाही, आधी नाही. तिनं मूठ उघडली. दोन टाक अर्धवट खाल्लेले, हाताला चिकटलेले होते, आणि हात पिवळा होत होता. लग्नातल्या हळदीसारखा पिवळा, माझ्या डोळ्यांदेखत, बोटांपासून वर. मग ती किंचाळली. तिच्या हाताला हिसका बसला आणि दोन्ही टाक उडून परत बरणीत पडले.

बाप कंपनीत सुरक्षेचा फलक लावणारा माणूस. अ‍ॅसिड लागलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, हे त्यानं मला पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. तो हलला नाही. मीही हलले नाही. शेजारचा यूपीवाला वेल्डर "पानी! भाभी को पानी में लो!" ओरडत आला, त्यानं आईला कमरेला धरून नळाखाली ढकललं, आणि ती लाथा मारत होती तरी तिचा हात धारेखाली दाबून धरला. एक म्हातारी चुना घेऊन धावली, तिला त्यानं शिवी देऊन हाकललं. आईच्या हाताची साल नळाच्या पाण्याबरोबर गटारात जात होती, लोणच्याच्या फोडींच्या मागोमाग. बाप बरणीशेजारी उभा राहून म्हणाला, "तिनं हात घालायला नको होता."

हे वाक्य तो मरेपर्यंत म्हणत राहिला.

आईची करंगळी आणि शेजारचं बोट तळहाताकडे वळून कायमची चिकटली. तीन महिन्यांनी ती दवाखान्यातून सुटली, पण बोंबील साफ करायला लागते ती पकड गेली ती गेलीच. बाजार सुटला. तिला बाजाराचं जेवढं वेड होतं तेवढं देवाचंही नव्हतं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बापानं मात्र एक गोष्ट केली. आई दवाखान्यात असतानाच, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, काका यायची वाट न बघता तो स्वतः घिवलीला गेला आणि मला बरोबर घेऊन गेला. किनाऱ्यावर बोट रंगवून तयार होती. त्यानं भावांसमोर उभं राहून सांगितलं, "टाक नाहीत. मी विरघळवले."

धाकट्या काकानं वल्हं उचललं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. मग मधला काकाही आला, आणि जाळी विणणारे दोघं-तिघं. बाप हात वर करून वाचवत होता, पण उलट मारत नव्हता. वाळूत त्याचे दोन दात पडले. मी ओरडत होते आणि मला कोणीतरी मागून धरलं होतं. ते दमून थांबले तेव्हा बाप गुडघ्यांवर उठला, माझ्याकडे बघून रक्ताच्या तोंडानं हसला आणि म्हणाला, "बघितलंस? एक पण पितर मदी पडला का?"

मला तेव्हा त्याचा इतका अभिमान वाटला आणि इतका तिटकारा वाटला, की मी तिथंच वाळूत ओकले. काका म्हणाला, "बापाचीच पोर."

त्यानंतर घिवलीनं आम्हाला तोडलं. आणि त्यानंतर बापानं आईवर कधीही हात उचलला नाही. माफीही मागितली नाही. रोज संध्याकाळी तो दारात बसून मासळी साफ करायचा, आई समोर बसून चुका काढायची. "पोट फाडताना एवडं कशाला दाबता? कविता हाय का ती?" चाळीतले पुरुष जाता-येता हसायचे. तो मान वर करायचा नाही. कविता त्यानं पुन्हा लिहिली नाही.

मी त्याला कधी क्षमा केली नाही. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं नाही, देव मानत नाही, आणि 'आधुनिकतावाद' मुलांना शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर कायम तो पिवळा हात असतो.

गेल्या वर्षी बापाची फुप्फुसं संपली. शेवटचे दोन महिने तो ऑक्सिजनवर घरीच होता. तोंडावर मास्क, पण डोळे तेच. एका दुपारी आई त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "तुमचा टाक करू का? नीट सांगा."

त्यानं मास्क खाली ओढला. "नको."

"नाय करायचा?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली आणि मास्क परत लावला. मी दारात उभी राहून ऐकलं. चार दिवसांनी तो गेला.

बाराव्याला दोन्ही काका आले, इतक्या वर्षांनी. दोघं म्हातारे झालेले, धाकट्याचा हात थरथरत होता, तोच वल्ह्याचा. "वयनी, झालं गेलं समुद्राला मिळालं," मधला आईला म्हणाला. "आता त्याचा टाक कर. थोरला हाय तो. पोरांच्या बोटीला कोणी बघनारा नाय."

"नाय करायचा," आई म्हणाली.

"अगो, पन का?"

"नको बोलले ते."

काका माझ्याकडे बघू लागले. तो मेल्यावरही आई त्याचाच शब्द पाळत होती, म्हणून माझ्या डोक्यात आग होती.

आठवडाभरानं मी त्याची ट्रंक आवरायला घेतली. अनियतकालिकांच्या गठ्ठ्याखाली गोळ्यांची एक बाटली होती, आत राखाडी भुकटी. कंपनीत प्रत्येक मालाचा थोडा नमुना पुढं तपासायला लागेल म्हणून बाटलीत राखून ठेवतात आणि त्यावर चिठ्ठी चिकटवतात. तशीच चिठ्ठी, त्याच्याच गोल अक्षरात: 'राखीव नमुना. पितर, पाच.' म्हणजे बरणीतलं पाणी त्यानं फेकलं नव्हतं. तांब्याची तार सोडली की विरघळलेली चांदी खाली बसते, हे त्याला माहीत होतंच. त्यानं ती कधीतरी खाली बसवली, धुतली, वाळवली, आणि पंचवीस-तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही.

हे बघून मला रडू आलं असेल असं कोणाला वाटेल. मला संताप आला. एवढं करता येत होतं, तर तोंडानं एक शब्द बोलता येत नव्हता? आईच्या हाताशेजारी बसून ही बाटली तिच्यासमोर ठेवता येत नव्हती? मी ठरवलं, याला देव्हाऱ्यात बसवायचं. यानंच राखलेली चांदी, याचाच टाक. रोज फूल वाहायचं, नैवेद्य दाखवायचा, नारळी पौर्णिमेला नारळाच्या पाण्यात बुचकळून काढायचं, आणि म्हणावं, आता ओरड माझ्यावर. मी पालघरला सोनाराकडे गेले. त्यानं भुकटी वितळवली, वर थोडी चांदी घातली आणि टाक केला. मी त्याला सांगून दोन्ही हात जोडलेली आकृती काढून घेतली.

घरी आले तेव्हा आई पाटावर बसून भाजी निवडत होती. मी देव्हारा उघडला, टाक मधोमध ठेवला, आणि आईला हाक मारली. बाटलीची गोष्ट सांगितली, चिठ्ठी दाखवली. मला वाटलं, ती रडेल, पाया पडेल, तिला निदान तिचे पितर परत मिळतील.

तिनं टाक उचलून डोळ्यांजवळ धरला. जोडलेले हात बघितले. मग खाली ठेवला, उठली, आणि मला कानाखाली मारली. उजव्या हातानं. दोन वळलेली बोटं गालाच्या हाडावर इतकी जोरात लागली की मी देव्हाऱ्यावर आपटले आणि समई कलंडली. बापानं मला पेला फेकून मारला, पट्ट्यानं मारलं. आईनं जन्मात कधी बोट लावलं नव्हतं.

"आये!"

"नको बोलला व्हता त्यो! तुज्यासमोर बोलला!"

"त्यानं तुला विचारलं होतं का? बरणीत टाकताना?"

"नाय इचारलं," आई म्हणाली. "त्यानं मला नाय इचारलं, मी त्याला इचारलं. एवडाच फरक व्हता आमच्यात. जन्म घालवला मी त्यो फरक ठेवायला. तू एका दिवसात पुसलास."

ती नवऱ्याला 'ते' नव्हे, 'त्यो' म्हणत होती, चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात. मग ती खाली बसली आणि भाजी निवडू लागली. वळलेल्या बोटांनी तिला देठ धरता येत नव्हते, तरी निवडत राहिली. मी तिच्या समोर बसले. मग ती म्हणाली, "त्यात माजा सासरा हाय, आजेसासू हाय. ते पाच जन परत कर. त्यो नको."

"आता कोण कुठला ते कसं कळणार? सगळे एकत्र वितळलेत."

"तोंडं तं आदीपन कुठं व्हती?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी परत सोनाराकडे गेले. गालावर वळ होता, तो त्यानं पाहिला आणि नजर वळवली. टाक हातात घेऊन उलटसुलट करत त्यानं विचारलं, "कालच तर केला, मॅडम. मोडायचा कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात दहा मार्कांसाठी लिहवून घेतलं असतं तर पान भरलं असतं. मला दोनच वाक्यं आली, आणि तीही रडत रडत, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात.

"त्यांनी नको म्हटलं होतं," मी म्हटलं. "मला माहीत होतं."